व्हॅल्युअर यायच्या आधी: भुसावळकडचं जुनं घर विकताना काय करायचं आणि काय नाही

सगळ्यात आधी सांगते, रंगवाल्याला फोन करू नका. घर विकायचं ठरलं की पहिला फोन त्यालाच जातो, आमचाही गेला होता. आप्पा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर भुसावळचं घर बंदच होतं, आई माझ्याकडे पुण्याला, भाऊ नाशिकला, धाकटी बहीण चोपड्याला, आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळे जमायचो तेवढंच ते घर उघडायचं. मग एका आखाजीला विकायचं ठरलं आणि भावाने लगेच आतून बाहेरून पुट्टी मारून रंग दिला, पुढे नवीन ग्रील, हॉलला टाईल्स, सव्वातीन लाख गेले. गिऱ्हाईक पण पटकन मिळालं, यावलकडचे एक मास्तर, 42 लाखाला तोंडी सौदा झाला, पेढे वाटून झाले. मग त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे लोनसाठी घराची किंमत काढणारा माणूस, आला, वीस मिनिटं घरात फिरला, टाईल्सकडे त्याने बघितलं पण नाही, आणि रिपोर्ट आला 36 लाखाचा.

आता तुम्ही म्हणाल व्हॅल्युएशन कमी आलं तर आपल्याला काय, सौदा तर 42 चा आहे ना. तसं नसतं. सौद्याची किंमत आणि व्हॅल्युएशन यातला जो आकडा कमी तो बँक धरते आणि त्याच्यावर टक्के काढते. मास्तरांना 80 टक्के लोन मिळणार होतं, 42 वर ते 33 लाख 60 हजार झालं असतं, 36 वर झालं 28 लाख 80 हजार. वरचे 4 लाख 80 हजार त्यांनी कुठून आणायचे? दोन आठवडे बघतो बघतो म्हणाले, नंतर फोन उचलायचे बंद झाले. त्यांची चूक नव्हती, चूक आमची होती, कारण व्हॅल्युअर काय बघतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

तर व्हॅल्युअर घराचे दोन भाग करतो, जमीन वेगळी आणि बांधकाम वेगळं. जमिनीला त्या कॉलनीत आजूबाजूला झालेल्या व्यवहारांचा रेट लावतो. बांधकामाला काय करतो, तर तेवढंच बांधकाम आज नवीन करायला किती खर्च येईल ते काढतो आणि त्यातून घराच्या वयाप्रमाणे घसारा (जुनेपणाची घट) वजा करतो. आमचं घर 1988 चं, लोडबेअरिंगचं, म्हणजे कॉलम नाहीत, विटांच्या भिंतीवरच स्लॅब. अशा घराचं आयुष्य आरसीसीपेक्षा कमी धरतात, त्यात पस्तिशी उलटलेली, म्हणजे बांधकामाच्या खात्यात फार काही शिल्लकच नव्हतं. प्लॉटला मात्र वय नसतं. म्हणून जुन्या घरात लाखाच्या टाईल्स बसवल्या तर गिऱ्हाईकाला बरं वाटतं, बँकेच्या आकड्याला काही फरक पडत नाही.

आणि दुसरं म्हणजे मागची खोली. 1997 ला आईने मागे एक खोली आणि संडास-बाथरूम बांधून घेतलं होतं. परवानगी वगैरे कोण घेत होतं तेव्हा, गवंडी घरचा होता, सिमेंट उरलेलं होतं, झालं. व्हॅल्युअरने नगरपालिकेचा मंजूर नकाशा एका हातात धरला, दुसऱ्या हातात टेप, आणि ती सगळी बाजू हिशोबातून बाहेर काढली, वर रिपोर्टमध्ये शेरा मारला की मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम आहे. रेट कमी पडला त्यापेक्षा त्या शेऱ्याने जास्त घात केला, कारण शेरा बघितला की बँकेचा वकील पण जागा होतो.

म्हणून काम नकाशापासून सुरू करा. मंजूर नकाशा घरात सापडत नसेल (आमचा गव्हाच्या कोठीमागे ट्रंकेत सापडला, अर्धा वाळवीने खाल्लेला) तर नगरपालिकेच्या बांधकाम विभागातून प्रमाणित नक्कल मागा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. नक्कल मिळाली की एखाद्या आर्किटेक्टला घरी बोलवून नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळवून घ्या. महाराष्ट्रात 2020 पासून मुंबई सोडून जवळपास सगळीकडे एकच बांधकाम नियमावली आहे, त्यात साईड मार्जिन (घर आणि हद्द यात सोडायची मोकळी जागा) वगैरे बसत असेल तर सुधारित नकाशा देऊन, दंड भरून वाढीव काम नियमित होऊ शकतं. आमची खोली मागच्या हद्दीला चिकटूनच असल्यामुळे काही बसली नाही. मग आम्ही काय केलं, दुसऱ्या वेळेला प्रत्येक गिऱ्हाईकाला दारातच सांगायला लागलो की भाऊ, मागची खोली नकाशात नाही, तिचे पैसे आम्ही धरलेले नाहीत. भावाला वाटायचं कशाला आपण होऊन सांगायचं, पण खरं सांगते, त्यानंतर एकाही माणसाने त्या खोलीवरून भाव पाडला नाही.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच चार महिने जातात, म्हणून रंगाच्या आधी हे.

आमच्याकडे सिटी सर्वे झालेला असल्याने प्रॉपर्टी कार्ड (मालकाचं नाव असलेला जागेचा सरकारी उतारा) होतं. तुमच्या कॉलनीत अजून सातबारा चालत असेल तर सातबारा, त्यासोबत एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा हुकूम) आणि मंजूर लेआउट. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असेल तर आधी वकिलाकडे जा, कारण ती जमीन बहुतेक वेळा सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि गावठाणातलं घर असेल तर तिथे सातबारा नसतोच, ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो. खूप लोक नमुना 8 दाखवून सांगतात घर माझ्या नावावर आहे, पण तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून प्रॉपर्टी कार्ड देतायत, तुमच्या गावात झालं असेल तर ते काढूनच ठेवा, बँकेपुढे ते जास्त चालतं.

आमच्या कार्डावर आप्पाच होते. मृत्युपत्र नाही, म्हणजे आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी असे चार वारस. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, मग नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मग नावं लागतात. इथे आमच्या एका जिभाऊंनी (वडीलधाऱ्यांनी) सल्ला दिला, "बहिनी कधी माहेरनी इस्टेट मांगतस का? हक्कसोड करी द्या नि मोकळ्या व्हा." मी काही बोलले नाही, चहा दिला. पण तुम्हाला सांगते, घर विकायचंच असेल तर हक्कसोड करायची काही गरज नसते, चारही वारस विकणारे म्हणून खरेदीखतावर सह्या करतात आणि ज्याच्या त्याच्या हिश्श्याचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जातात. 2005 च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाएवढाच वाटा आहे, आणि आमचं घर आप्पांनी स्वतः कमावलेलं, त्यात तर आधीपासूनच होता. आखाजीची साडी वेगळी आणि प्रॉपर्टी कार्ड वेगळं. एखादा वारस परदेशात असेल तर त्याचं मुखत्यारपत्र आधीच सुरू करा, त्याला वेळ लागतो, आणि त्याच्या वाट्यावर टीडीएसही (पैसे देतानाच घेणाऱ्याने कापायचा टॅक्स) जास्त कापला जातो.

कार्ड हातात आलं की इतर भाराचा रकाना वाचा (सातबारा असेल तर इतर हक्काचा), कर्जाचा बोजा तिथे लिहिलेला असतो. आप्पांनी घर बांधताना घेतलेलं कर्ज फेडून वीस वर्षं झाली होती पण बोजा तसाच चढलेला. ती शाखा आता दुसऱ्याच शाखेत गेलेली, जुनं खातं कोणाला सापडेना, भावाने तीन चकरा मारल्या तेव्हा निल दाखला (कर्ज बाकी नाही असा) मिळाला, मग बोजा कमी करायचा अर्ज. गिऱ्हाईक आल्यावर हे करायला बसलात तर गिऱ्हाईक थांबत नाही.

क्षेत्रफळाचं पण एकदा नीट बघा. कार्डावर चौरस मीटर असतात, बोलताना आपण फूट बोलतो, आणि एजंट गोल आकडा ठोकून देतो. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. आमचा प्लॉट आम्ही लहानपणापासून दोन हजार फूट म्हणत आलो, कार्डावर 181 चौरस मीटर निघाला, म्हणजे 1948 फूट. आर आणि गुंठा यातही लोक गल्लत करतात, आर म्हणजे 1076 फूट आणि गुंठा 1089. एका गुंठ्यात 13 फुटांचाच फरक, पण मोठा प्लॉट असला की हजारात पैसे जातात आणि भांडणं लाखाची होतात.

बाकी घरपट्टी, पाणीपट्टी भरून टाका, थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढत असते. मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), बांधकाम परवानगी, पूर्णत्वाचा दाखला असेल तर तो, चालू लाईट बिल, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स एका फाईलीत. गिऱ्हाईकाचा वकील बहुतेक 30 वर्षांचा सर्च (जागेच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदी) काढतो, तो तुम्हीच आधी काढून घेतला तर अडचण कुठे आहे ते तुम्हाला त्याच्या आधी कळतं.

आता घराकडे येऊ. आपल्या खान्देशात, विशेषतः तापीकाठच्या काळ्या जमिनीत, घराला चीर नाही असं घर सापडणं अवघड. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या काय फक्त शेतातच पडतात असं नाही, तुमच्या पायाखाली पण तीच माती आहे. पण चिरेचिरेत फरक असतो. प्लास्टरला जाळ्यासारख्या बारीक केसासारख्या चिरा असतील तर ती फक्त प्लास्टरची भानगड, त्याने कोणी घाबरत नाही. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या पायऱ्या पायऱ्यांनी वर गेलेली आणि वर रुंद होत गेलेली चीर असेल तर पाया हललाय, आणि व्हॅल्युअर आधी तीच शोधतो. तिच्यात पुट्टी भरून रंग मारलात तर तो रंग एका उन्हाळ्यात उघडतो, आणि नुसत्या नजरेलाही ताजा पट्टा दिसतोच, मग त्याला वाटतं अजून काय काय लपवलंय.

त्यापेक्षा चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहून ठेवा आणि दोन तीन महिने बघा. वाढत नसेल तर सिमेंट ग्राऊटने भरून घ्या आणि खुणा दाखवा, आमच्याकडे दुसऱ्या व्हॅल्युअरने त्या तारखांचा फोटो काढला. वाढत असेल तर कारण शोधा, आणि ते बहुतेक पाणीच असतं. आमच्याकडे गच्चीचा पाईप मागच्या कोपऱ्यात पायाशीच पाणी सोडत होता, त्यामुळे तेवढाच कोपरा ओला आणि बाकीचा कोरडा, मग घर एका बाजूने खेचलं जाणारच. पाईप लांबवला, घराच्या चारही बाजूंनी बाहेरच्या उताराने शहाबादी फरशी टाकून घेतली, खर्च टाईल्सच्या पाव भाग सुद्धा नाही आला. भिंतीला खेटून निंब असेल तर तेही बघा, उन्हाळ्यात मुळं पायाखालची ओल ओढून घेतात.

भिंतीच्या खालच्या फूटभरात पोपडे आणि पांढरा खार आलेला असेल तर त्यावर थेट पुट्टी नको. आधी पाणी कुठून येतंय ते बंद करा, सैल झालेलं प्लास्टर खरवडून काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच नवीन प्लास्टर. घाई केली की दोन महिन्यात परत पोपडे, आमच्या सव्वातीन लाखातला अर्धा रंग असाच पडला.

बोअरच्या पाण्याने नळाला, टाईल्सला पांढरा थर बसतो, त्यासाठी लोक बाटलीभर ॲसिड ओततात. टाईल्सला एक वेळ चालेल, पण मोझॅकला आणि शहाबादीला ॲसिड लागलं की त्यांचा वरचा पॉलिश केलेला थर खातं आणि फरशी कायमची खरबरीत होते. व्हिनेगर पाण्यात घालून नळापुरतं वापरा, फरशीला साबण आणि काथ्या, हात दुखतात पण फरशी राहते. आमचं जुनं लाल-पिवळं मोझॅक भावाने हॉलमधून उखडून टाकलं त्याचं मला अजून वाईट वाटतं, दुसऱ्या खोलीतलं राहिलं होतं ते बघून घर घेणारी बाई म्हणाली हे मात्र काढू नका हं.

पाण्याबद्दल स्पष्ट बोला. आपल्याकडे गिऱ्हाईक किचनच्या आधी टाकी बघतं. नळाला किती दिवसाआड येतं, जमिनीखालची टाकी किती लिटरची, बोअर किती फूट, मे महिन्यात किती वेळ चालते, हे सगळं पाठ ठेवा आणि खरं सांगा, शेजारच्यांकडून पाच मिनिटात कळतंच. टाकी उपसून धुवून ठेवा.

कधी दाखवायचं? पितृपक्षात कोणी फिरकत नाही, तेव्हा जाहिरात देऊन उपयोग नाही, त्या पंधरवड्यात दुरुस्तीची कामं काढा. गणपतीच्या आसपास घर दाखवलं तर स्लॅब गळत नाही हे आपोआप दिसतं, आणि इसार दसऱ्याला द्यायला लोकांना आवडतं. मेमध्ये दाखवायची वेळ आलीच तर गच्चीला चुना मारून घ्या, आणि सकाळी आठला बोलवून लवकर कटवायची हुशारी करू नका. भुसावळचा माणूस आहे तो, 45 डिग्रीत वाढलेला, तो दुपारी तीनला परत येणारच. आमच्याकडे एक काका आले ते सरळ वरच्या खोलीत जाऊन भिंतीला तळहात लावून उभे राहिले, दोन मिनिटं, आणि म्हणाले, "घर चांगलं शे, पन आठे कूलर काय करी?" म्हणजे इथे कूलर काय करणार.

सामान काढायचं काम आई असताना करा. आम्ही ते आईला न विचारता सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी पितळी बंबावरून रडारड झाली. गोधड्या, कोठ्या, पाटा-वरवंटा, कानबाईचं (आमच्या खान्देशातल्या देवीचं) सामान, हे आधी ज्याच्या त्याच्या घरी जाऊ द्या. मग उरलेलं भंगार. रिकामी खोली मोठी दिसते हे खरं आहे, पण बंद घराचा कुबट वास त्याहून जास्त जाणवतो, म्हणून दाखवायच्या आधी दोन दिवस सगळ्या खिडक्या उघड्या ठेवा आणि जळके बल्ब बदला.

व्हॅल्युअर येणार त्या दिवशी घरातलं असं माणूस हजर ठेवा ज्याला हद्दी माहीत आहेत. तो चतुःसीमा विचारतो, पूर्वेला कोण, दक्षिणेला कोण, आणि खरेदीखतात जी नावं आहेत त्यातली निम्मी माणसं घर विकून गेलेली असतात, तेव्हा आता कोण राहतं ते प्लॉट नंबरसकट लिहून ठेवा. सगळ्या खोल्यांच्या आणि गच्चीच्या चाव्या, फाईल, चालू असलेली मोटर. आणि एक काम बहुतेक लोक करत नाहीत ते म्हणजे आजूबाजूचे व्यवहार. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवर झालेल्या दस्तांचे इंडेक्स टू शोधता येतात. आपल्याच कॉलनीतले अलीकडचे दोन तीन काढून व्हॅल्युअरच्या हातात द्या, वाद घालू नका, फक्त द्या. तो स्वतःचं बघतोच, पण समोर नोंदणीकृत आकडा असला की रेट धरताना त्याचा हात इतका आखडत नाही. आमच्या दुसऱ्या रिपोर्टला हेच कामी आलं असं मला वाटतं.

शक्य असेल तर बाजारात उतरायच्या आधी स्वतःच एखाद्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून रिपोर्ट करून घ्या, कारण टॅक्सला तो लागणारच आहे. घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर खरेदीची किंमत म्हणून त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते, फक्त ती त्या तारखेच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. आप्पांनी प्लॉट 1986 ला काही हजारात घेतला होता, तोच आकडा धरला असता तर जवळपास सगळी किंमत नफाच दिसली असती. नफ्यावर आता 12.5 टक्के, किंवा 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर असेल तर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) 20 टक्के, दोन्ही सीएकडून मांडून घ्या आणि कमी बसेल ते भरा. दुसरं घर घेणार असाल तर दोन वर्षात खरेदी किंवा तीन वर्षात बांधकाम, तेवढ्यावर सूट मिळते.

भाव ठरवताना रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला जागेचा दर) बघून ठेवा, त्याच्या खाली व्यवहार दाखवला तर स्टॅम्प ड्युटी रेडी रेकनरवरच लागते, आणि फरक 10 टक्क्यांच्या वर गेला तर इन्कम टॅक्सवाले पण तोच आकडा धरतात. "थोडे वरून रोख घ्या" हे तुम्हाला शंभर टक्के ऐकायला मिळेल. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि शिवाय कागदावर आकडा कमी केला की समोरच्याचं लोन पण कमी होतं, म्हणजे परत तेच मास्तरांचं झालं. 50 लाख किंवा वर व्यवहार असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस कापतो, तो तुमच्या नावावर जमा टॅक्सच्या तक्त्यात (26एएस) दिसतोय का बघा. घेणाऱ्याला सुचवा की एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, तुमचं काही जात नाही आणि सौदा मऊ होतो.

आमचं घर शेवटी 40 लाखाला गेलं, व्हॅल्युएशन 39 आलं. खरेदीखताच्या दिवशी चाव्या देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा आणि लाईट बिलाचं नाव बदलायचा फॉर्म तिथेच सही करून द्या, नंतर कोणाला वेळ नसतो. आम्ही नाव बदललं पण मोबाईल नंबर बदलायचा राहिला, त्यामुळे त्या घराच्या बिलाचा मेसेज अजून भावालाच येतो. मे महिन्याचा आकडा बघून त्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं, वरच्या खोलीत एसी बसवला वाटतं.